निर्गुडीचा पाला आणि उंदराचा पंजा

गुडघा धरला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायचा, त्याला तिळाचे नाहीतर एरंडाचे तेल चोपडायचे आणि फडक्याने सांध्यावर बांधून झोपायचे, हा उपाय महाराष्ट्रात कोणाला शिकवावा लागत नाही. ओढ्याच्या काठाला, शेताच्या बांधावर, कुंपणाला निर्गुडी आपोआप वाढते. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. बोटे पसरल्यासारखी तीन किंवा पाच पाने, खालच्या बाजूने पांढुरकी, आणि चुरगळली की येणारा उग्र वास. या पाल्याने सूज खरोखर उतरते का, उतरत असेल तर किती, आणि तो गुण पाल्याचा की तव्याच्या उष्णतेचा, हे प्रश्न साधे आहेत. निर्गुडीच्या अर्कावर उंदरांत केलेल्या प्रयोगांचे निबंध भरपूर सापडतात. माणसाच्या गुडघ्यावरचे काम त्या मानाने फारच तोकडे आहे. वेदना आणि सूज यांवरच्या आपल्या बहुतेक वनस्पतींची गोष्ट अशीच आहे. संशोधन उंदराच्या पंजापाशी येते आणि तिथेच थांबते. ते तिथून पुढे, माणसापर्यंत नेण्यावर आता पैसा आणि बुद्धी खर्च झाली पाहिजे, आणि ते काम महाराष्ट्राने करावे, असे मला ठामपणे वाटते.

उंदराच्या पंजावरची ही परीक्षा नेमकी काय असते ते आधी पाहू. तांबड्या सागरी शेवाळापासून कॅराजीनन नावाचा चिकट पदार्थ मिळतो. आइस्क्रीम दाट करायलाही तो वापरतात. त्याचे थोडे द्रावण उंदराच्या मागच्या पंजात टोचले की पंजा सुजू लागतो आणि तीन ते पाच तासांत सूज भरात येते. टोचण्याआधी काही उंदरांना वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो, काहींना नुसते पाणी आणि काहींना माहितीतले एखादे वेदनाशामक. मग दर तासाला पंजा द्रवाने भरलेल्या नळीत बुडवून त्याचे आकारमान मोजतात. १९६२ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर ती वापरात आहे. वेदनेसाठी वेगळ्या परीक्षा आहेत: गरम पत्र्यावर ठेवलेला उंदीर किती सेकंदांनी पाय चाटतो, किंवा पोटात सौम्य ॲसिड टोचल्यावर किती वेळा आळोखेपिळोखे देतो. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली निर्गुडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क अशाच परीक्षांना लावला आणि त्यात सूज व वेदना दोन्ही कमी झाल्याचे नोंदवले. हे काम चांगले होते आणि ते व्हायलाच हवे होते. अशा प्रयोगातून वनस्पतीत काहीतरी आहे, याचा पहिला इशारा मिळतो. पण तो पहिलाच इशारा असतो.

मात्रेचा हिशेब केला की अंतर किती आहे ते कळते. समजा, एखाद्या प्रयोगात उंदराला दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. उंदराची मात्रा माणसासाठी काढताना साधारण सहाने भागतात, म्हणजे किलोमागे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला ती रोज जवळपास चार ग्रॅम पडते. दहा ग्रॅम सुक्या पानांतून एक ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोज चाळीस ग्रॅम सुका पाला लागेल. एवढा पाला महिनोन् महिने पोटात गेला तर यकृताचे काय होईल, हे पाच तासांच्या प्रयोगातून कळणे शक्य नाही. शिवाय आपल्या घरांत निर्गुडी प्यायली जात नाही, सांध्यावर बांधली जाते. प्रयोगशाळेने तपासली एक गोष्ट आणि लोक वापरतात दुसरीच, अशी ही गाठ आहे.

दुसरे अंतर दुखण्याचे. उंदराची सूज सकाळी येते आणि संध्याकाळी ओसरू लागते. झिजेच्या संधिवाताचा गुडघा दहा-दहा वर्षे दुखतो, आणि तोही एकसारखा दुखत नाही. थंडीत वाढतो, लग्नघरातल्या धावपळीने वाढतो, चार दिवस विश्रांती मिळाली की उतरतो. दुखणे भरात असते तेव्हाच माणूस उपाय शोधतो, आणि भर ओसरायचाच असतो, म्हणून त्या वेळी जे घेतले त्याला श्रेय जाते. त्यात श्रद्धेचा वाटा असतो. गुडघेदुखीच्या चाचण्यांत ज्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळते, त्यांनाही बऱ्यापैकी आराम वाटतो. तो आराम खोटा नसतो. त्यांचे दुखणे खरोखर हलके झालेले असते. मात्र तो वनस्पतीचा गुण म्हणता येत नाही. या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढायच्या तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडावे लागतात आणि कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही कळू द्यायचे नसते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

हळदीचे उदाहरण बोलके आहे. हळदीतल्या कर्क्युमिनवर काचेच्या नळीतले आणि प्राण्यांवरचे हजारो निबंध आहेत. २०१७ साली औषधरसायनाच्या अभ्यासकांनी या ढिगाऱ्याचा परखड आढावा घेतला आणि दाखवून दिले की हा रेणू प्रयोगशाळेतल्या अनेक परीक्षांना चकवतो. गुण नसतानाही गुण दिसतो. तो आतड्यातून रक्तात फारसा उतरतही नाही. उलट थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने कामाचे उत्तर दिले: हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना गुडघेदुखीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. चाचणी चारच आठवड्यांची होती, म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. तरी रुग्णाला आणि डॉक्टरला निर्णय घ्यायला त्या एका चाचणीचा जेवढा उपयोग आहे, तेवढा हजार नळ्यांचा नाही.

आपल्याकडे हे जमत नाही असे मुळीच नाही. मेळघाटात, सातपुड्याच्या उतारावर, विदर्भाच्या कोरड्या रानात सालई वाढते. कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल, आणि खाच मारली की झरणारा सुगंधी डिंक. हाच सालई गुग्गुळ, आयुर्वेदातली शल्लकी. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात त्याचा सूजनाशक गुण प्राण्यांवर दाखवला. नागपूरच्या डॉक्टरांनी तिथेच न थांबता तो माणसांवर तपासला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत गुडघेदुखीचे ३० रुग्ण होते. अर्ध्यांना आठ आठवडे सालईचा अर्क, अर्ध्यांना प्लासिबो, आणि मग अदलाबदल. अर्क घेताना वेदना कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे, तिचे मला फार मोल वाटते: एक्स-रेमध्ये काहीही फरक पडला नाही. म्हणजे दुखणे उतरले, झीज भरून आली नाही. जाहिरातवाला हे वाक्य कधी छापणार नाही. चाचणी करणाऱ्यांनी ते छापले, म्हणूनच त्यांच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो. तीस रुग्ण ही संख्या लहान आहे, पण पुढे सांधेदुखीवरच्या वनौषधींच्या आंतरराष्ट्रीय आढाव्यातही सालईच्या बाजूने कौल झुकलेला दिसला.

त्याहून मोठे काम पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालई यांच्या अर्कांपासून केलेल्या दोन आयुर्वेदिक औषधांची त्यांनी थेट ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी तुलना केली. अनेक केंद्रांत मिळून ४४० रुग्ण, २४ आठवडे, आणि कोणाला काय चालू आहे हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की आराम चारही गटांत सारखाच पडला. या चाचणीतही उणिवा आहेत. प्लासिबोचा वेगळा गट नव्हता, आणि २८ टक्के रुग्ण मध्येच गळाले. पण माझ्या मते तिचा सर्वांत मोलाचा भाग निराळाच आहे. २६ रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण असलेले द्रव्य, वाढलेले आढळले. त्यांना जाणवणारी कुठलीही तक्रार नव्हती. त्यांतल्या आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांना चाचणीतून बाहेर काढले. औषध थांबल्यावर आकडा पूर्ववत झाला. ही वाढ अनपेक्षित आहे, औषधाच्या सुरक्षिततेचा आणखी शोध घ्यायला हवा, असे संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवले.

पुढे करोनाच्या काळात काय झाले ते आठवावे. गुळवेलीचे काढे घरोघर उकळू लागले. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. नंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल यात असावी. आक्षेपात तथ्य असू शकते, पण त्यातूनच माझा मुद्दा बळकट होतो. पुण्याच्या चाचणीतला एसजीपीटीचा धागा वेळीच मोठ्या अभ्यासाने पकडला असता, तर कोणत्या वेलीचा किती अर्क किती दिवस चालतो आणि कोणाला चालत नाही, हे काढ्यांची लाट येण्याआधीच सांगता आले असते. पुण्याच्या आकड्याला गुळवेलच कारण होती असे कोणी सिद्ध केलेले नाही. ते शोधायचे राहून गेले, एवढीच माझी तक्रार आहे.

दुसऱ्या वेलीचा प्रश्न वनौषधींच्या मुळाशीच आहे. वातावर सर्वांत नावाजलेली वनस्पती म्हणजे रास्ना. उत्तरेत रास्ना म्हणून एक झुडूप विकले जाते, दक्षिणेत कोष्टकुलिंजनाचा कंद, आणि बंगालात झाडावर वाढणारे एक आमर, म्हणजे ऑर्किड. तिन्हींचे एकमेकांशी काही नाते नाही. मग रास्नेने गुण आला म्हणजे कशाने आला? त्याहून भयंकर प्रकार भेसळीचा. सांधेदुखीवरच्या वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली दिले. स्टेरॉइडने दोन दिवसांत माणूस चालू लागतो आणि वैद्याचे नाव होते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर प्राणावर बेतते. दोन दिवसांत गुण देणारी बिननावाची पुडी दिसली की रुग्णाने तिला हातही लावू नये. जिथे प्रामाणिक चाचणी होत नाही, तिथे अशा पुडीवाल्याचे फावते, आणि बदनाम होतात ते वर्षानुवर्षे सचोटीने औषध देणारे वैद्य.

यावर पहिला आक्षेप असा असतो की हजारो वर्षांच्या अनुभवाला पुन्हा परीक्षा कशाला, आणि तीही परक्यांच्या मापाने. अनुभवाला मी कमी लेखत नाही. कुठली वनस्पती आधी तपासावी हे सांगणारा त्याच्यासारखा वाटाड्या नाही. चरकाने औषधांचे पन्नास गण सांगितले, प्रत्येकात दहा द्रव्ये. त्यांत सूज उतरवणाऱ्यांचा गण आहे, वेदना शमवणाऱ्यांचा वेगळा आहे, अंग मोडून येणे थांबवणाऱ्यांचा आणखी वेगळा. एवढी बारीक विभागणी डोळसपणे पाहिल्याशिवाय होत नाही. त्याच चरकाने ज्ञानासाठी आप्तवचनाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या परीक्षाही सांगितल्या. परीक्षा परकी नाही. अनुभवाला दिसत नाही ते असे: शंभरातल्या दोघांच्या यकृताचा वाढलेला आकडा, आणि आपोआप बरे झालेल्यांतून औषधाने बरे झालेल्यांचा वेगळा हिशेब. सर्पगंधाही पिढ्यान् पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे तिचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. हळदीचे पेटंट १९९७ साली अमेरिकेत रद्द झाले तेही डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या संशोधन परिषदेने छापील पुरावे पुढे ठेवल्यावर. लिहून ठेवलेले ज्ञान परक्या न्यायासनापुढेही टिकते, हे आपण एकदा पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आयुर्वेद रोगाला नव्हे, रोग्याला औषध देतो; प्रकृती बदलली की औषध बदलते; मग एकच गोळी सगळ्यांना देऊन केलेली चाचणी आयुर्वेदाची कशी? याचे उत्तर कोइमतूरने दिले आहे. तिथल्या आयुर्वेदिक संस्थेने अमेरिकी संधिवाततज्ज्ञांसह आमवाताच्या ४३ रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. वैद्यांना प्रत्येक रुग्णाचे औषध हवे तसे ठरवण्याची आणि बदलण्याची मुभा होती. एका गटाला खरी आयुर्वेदिक औषधे आणि मेथोट्रेक्सेट या आधुनिक औषधाची नकली गोळी, दुसऱ्याला उलट, तिसऱ्याला दोन्ही खरी. रुग्णसंख्या लहान असल्याने अंतिम निकाल देता आला नाही, पण अशी चाचणी करताच येत नाही हा दावा मात्र त्यानंतर टिकत नाही.

तिसरा आक्षेप मी अनेक आधुनिक डॉक्टरांच्या तोंडी ऐकतो: चांगली वेदनाशामके असताना यावर पैसा का घालवायचा? याचे उत्तर त्यांच्याच दवाखान्यात बसलेले असते. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या, मूत्रपिंड थकलेल्या माणसाला रोज वेदनाशामक देता येत नाही. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड आणखी बिघडते. त्याचे दुखणे मात्र रोजचे असते, आणि तो काढा घेतोच, डॉक्टरला सांगत नाही इतकेच. इथे काहीजण म्हणतील, बघा, तुमच्या औषधांनाही दुष्परिणाम आहेतच. आहेत. रोफेकॉक्सिब हे गाजलेले वेदनाशामक २००४ साली जगभरातून मागे घेतले गेले, कारण त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो हे चाचणीतच उघड झाले. तो धोका सापडला, कारण कोणीतरी मोजत होते. काढ्याचेही असेच मोजले जावे, एवढीच मागणी आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. निर्गुडीवर कोणाची मक्तेदारी नाही, म्हणून कुठलीही कंपनी तिच्या चाचणीवर कोट्यवधी रुपये घालणार नाही. म्हणजे खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवा, आणि तो वाटतो तितका मोठा नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा सगळ्या शाखांची महाविद्यालये त्या एकाच छत्राखाली आहेत. आयुर्वेदात एम.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शोधप्रबंध लिहावा लागतो. आज प्रत्येक जण वेगळे औषध, वेगळी मात्रा, वेगळी मोजपट्टी घेतो, मोजके रुग्ण तपासतो, आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. त्याऐवजी वीस महाविद्यालयांतल्या वीस विद्यार्थ्यांनी एकाच वनस्पतीची, एकाच पद्धतीने, एकाच मोजपट्टीवर चाचणी केली तर प्रत्येकी तीस रुग्णांचे सहाशे होतात. वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाने पटवावी, सुका नमुना जपून ठेवावा, रक्ततपासणी वैद्यकीय महाविद्यालयात व्हावी. चाचणी सुरू होण्याआधीच राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी. २००९ पासून आपल्याकडे ते बंधनकारक आहेच. निकाल वनस्पतीच्या विरुद्ध गेला तरी तो छापावा, आणि विद्यार्थ्याचा एक गुणही त्यासाठी कापू नये. उंदरांवर तोच तो प्रयोग पुन्हा करून मुक्या जिवाला दुखवण्यापेक्षा हे कितीतरी अधिक नैतिक आहे.

सुरुवात निर्गुडीच्या पाल्यापासूनच करता येईल. एका गटाला तेल लावून गरम केलेला निर्गुडीचा पाला, दुसऱ्याला तितकेच तेल लावून तितकेच गरम केलेले केळीचे पान, तिसऱ्याला गरम पाण्याची पिशवी. रोज अर्धा तास, सहा आठवडे. निर्गुडीचा वास लपवता येणार नाही, म्हणून गुडघा तपासणाऱ्याला तरी गट कळू द्यायचा नाही, आणि पाल्यावर किती भरवसा आहे हे रुग्णाला आधीच विचारून लिहून ठेवायचे. गुण उष्णतेचाच निघाला तर लोक पिशवीने शेकतील आणि पाला खुडण्याचे कष्ट वाचतील. पाल्याचा निघाला तर मूत्रपिंड थकलेल्या आजी-आजोबांना डॉक्टर तो निःशंकपणे सांगू शकतील. विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षात एवढी एक चाचणी हाती घ्यावी. पाला बांधावर उभा आहे, गुडघे धरलेली माणसे सरकारी रुग्णालयांच्या रांगेत उभी आहेत, आणि प्रबंध तर विद्यार्थ्यांना लिहायचेच आहेत.